एकशे चौदा नंबरची जोडी

समजा, तुम्हाला दोन मुलांमधून एक निवडायचं आहे. दोघंही बारा वर्षांची. खेळ बर्फावरच्या हॉकीचा. पण तुम्ही दोघांनाही खेळताना पाहिलेलं नाही. तुमच्यासमोर टेबलावर फक्त त्यांचे स्केट ठेवलेत. बूट उलटे करा. पात्याच्या मधोमध एक बारीक पन्हळ आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा, एक आतली, एक बाहेरची. अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढा. नखाचा भुगा निघाला तर कड ताजी आहे. नख नुसतं घसरलं तर ती कड मुलाने वापरून संपवली आहे. दोन पायांच्या मिळून चार कडा. आता सांगा, कोण चांगलं खेळतं?

बेसिल डाबरे हे सांगू शकत असत. निदान चार वर्षं तसं सगळे मानत होते, आणि तेही.

वसईजवळच्या गासचे बेसिल अंकल आधी अर्नाळ्याला मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात होते. नव्वद साली ते ओमानला आले. चार वर्षं सहमला मच्छीमारांसाठी बर्फाच्या लाद्या पाडल्या आणि चौऱ्याण्णवमध्ये मस्कतला अल् खुवैरच्या रिंकवर मशीनरूम सांभाळायला लागले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत माणसांना पळण्यासाठी बर्फ. "आधी मी बर्फ विकायचो," ते म्हणत, "आता नुसता राखतो. वितळू द्यायचा नाही, एवढीच नोकरी."

मशीनरूमला खिडकी नव्हती. कॉम्प्रेसर, पंप, गेजची रांग, आणि कोपऱ्यात धार लावायचं यंत्र. काउंटरवरचा पोरगा भिंतीतल्या झरोक्यातून स्केट आत सरकवायचा, अंकल धार लावून परत सरकवायचे. पोरांचे आवाज ऐकू यायचे, पोरं दिसायची नाहीत. धार लावण्याआधी ते चारही कडा तपासत आणि एका लांबट वहीत लिहून ठेवत. थांबताना मूल डावीकडे वळलं की उजव्या पायाची आतली आणि डाव्या पायाची बाहेरची कड झिजते. उजवीकडे वळलं तर बरोबर उलट. चारही कडा सारख्या झिजवणारं मूल दोन्हीकडे वळतं, आणि तसं मूल शंभरात दोन-तीन. मी कंत्राटदार कंपनीचा नवा इंजिनियर, दर शुक्रवारी रीडिंग घ्यायला जायचो. गेजपेक्षा माझं लक्ष त्या वहीतच जास्त असायचं.

या वहीला किंमत आली ती ड्राफ्टमुळे. रिंकवर मुलांचे तीन संघ होते आणि कॅनडाहून तेलकंपन्यांत आलेले तीन बाप त्यांचे कोच. दर सप्टेंबरला तिघं कॅन्टीनमध्ये बसून पाळीपाळीने एकेक मूल उचलत. आपण गल्लीत क्रिकेटला दोन कप्तान करून भिडू मागून घेतो, तसंच. फक्त इथे कागद, पेन आणि कॉफी. त्याला ते ड्राफ्ट म्हणत. मुलांना ते शुक्रवारी तासभरच बघत, त्यामुळे ड्राफ्टच्या आदल्या दिवशी मशीनरूमचं दार हळूच उघडायचं.

"बेसिल, तुझी वही काय म्हणते?"

हे सुरू झालं नव्व्याण्णव साली. उत्तम नावाच्या एका सुताराचा मुलगा, दयानंद, तेव्हा नावाजला जात होता. अंकलनी त्याचे स्केट पाहून सांगितलं, हा फक्त डावीकडे वळतो, उजवीकडून कोणी आलं की फसणार. कोचनी त्याला शेवटी ठेवलं आणि त्याला जागाच उरली नाही. मुलगा पुन्हा रिंकवर आला नाही. म्हणजे बेसिलचं बरोबरच होतं, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार तीनची.

त्या वर्षी छत्तीस जागा होत्या आणि सदतीस मुलं. जागा छत्तीसच, कारण हेल्मेट, पॅड, जर्सी यांचे संच तेवढेच होते. शेवटची निवड तिघांपैकी एक कोच, मिस्टर ब्रायन, यांच्याकडे होती आणि शेवटी दोन नावं उरली होती. एक ॲरन. त्याची आई लुसी अंकलच्याच गावाकडची, रुवीच्या चर्चमध्ये भेटणारी, ईस्टरला घरची वाईन पाठवणारी. दुसरी आफरीन. तिचे वडील सिराज हर्णैचे. सहमला त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, शेतावर होते आणि दर शुक्रवारी पहाटे काकड्या-लिंबांची पिकअप घेऊन मस्कतच्या भाजीबाजारात येत. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, माल उतरेपर्यंत पोरीला तापलेल्या केबिनमध्ये कुठे बसवायचं, म्हणून त्यांनी तिला या थंड जागेत सोडलं होतं. तेव्हापासून तिचा एकही शुक्रवार चुकला नव्हता.

वहीत ॲरनसमोर लिहिलं होतं: झीज कमी, पण चारही कडांना. आफरीनसमोर: भरपूर झीज, फक्त डावीकडे.

"ॲरन घ्या," अंकल मिस्टर ब्रायनना म्हणाले. "मुलगी मेहनती आहे, पण एकाच बाजूची."

बुधवारी यादी काचेवर लागली. आफरीनचं नाव नव्हतं.

शुक्रवारी मी पंपाची सील बदलत होतो, तेव्हा सिराज दार ठोठावून आत आले. मागे आफरीन, हातात स्केटची जोडी. नुकतीच बर्फावरून आली होती. गाल लाल, डोळेही.

"बेसिलभाई, हे ठेवा," सिराज म्हणाले. "कोणाला पायजे असतील तर द्या. बोर्डावर चिठ्ठी लावा नायतर."

"का रे बाबा? एवढ्यात?"

"आता काय करायचेत? सहमला काय, काकडीवर घसरायचं?" ते हसले, पण हसू लगेच विझलं. "आपलं माणूस घेतलंत तुम्ही. घ्या की. आम्ही कुठं नाय म्हणतो? मी असतो तर मीपण हर्णैचाच घेतला असता."

अंकलचा चेहरा उतरला. नऊ वर्षांत त्यांना कोणी असं म्हटलं नव्हतं. "सिराज, माझी आई वरून बघते आहे. मी नाव बघत नाही, पातं बघतो. हे बघ, तूच बघ." त्यांनी जोडी हिसकावूनच घेतली, उलटी केली, आणि सिराजना दाखवायला उजव्या पायाच्या आतल्या कडेवर नख ओढलं. मग बाहेरच्या कडेवर. मग डाव्या पायाच्या दोन्ही कडांवर. मग पुन्हा पहिल्यापासून.

"सोमवारी धार लावली होती मी," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यानंतर किती वेळा घातलेस, बाळा?"

"टुडे ओन्ली, अंकल. टू अवर्स."

"चारही सारख्या झिजल्यात." ते माझ्याकडे वळले. "नख लाव रे."

मी लावलं. चारही सारख्या होत्या.

"मग सोमवारी डावी-डावीच कशी होती?" अंकलनी विचारलं, आम्हाला नाही, पात्यालाच. मग त्यांनी बुटातला तळवा उचकटून बाहेर काढला. खाली मार्करने इंग्रजीत लिहिलं होतं: टायलर.

"हा कोण?"

"ज्यांचे होते त्यांचा पोरगा," सिराज म्हणाले. "सेकंडहँड आहेत ना! ड्राफ्टला स्वतःचे स्केट लागतात म्हणाले. सुपरमार्केटच्या बोर्डावर चिठ्ठी होती, लीव्हिंग सेल. चालले होते ते लोक परत. ड्राफ्टच्या आधीच्या गुरुवारी घेतले."

ओमानमध्ये राहिलेल्या कोणालाही हे नवं नाही. तिथे फ्रिज, पाळणा, सायकल, प्रेशर कुकर, सगळं कोणीतरी जाताना सोडलेलं असतं. माझ्या स्वतःच्या पलंगावर आधीच्या भाडेकरूच्या मुलीने चिकटवलेली फुलपाखरं होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त स्केटच्या बाबतीत ते कोणाच्या डोक्यात आलं नाही. सोमवारी अंकलनी वाचली ती दोन-तीन वर्षं डावीकडे वळणाऱ्या टायलरची झीज होती. आफरीन त्या जोडीवर तोवर एकच शुक्रवार खेळली होती.

"आणि त्याआधी काय घालायचीस?"

"इथलेच, भाड्याचे," सिराज म्हणाले. "एकशे चौदा नंबर. हिला दुसरा चालत नाय. कोणी आधी घेतला तर भांडते."

अंकल स्टुलावर बसले.

एकशे चौदाची गोष्ट मला ठाऊक होती. हॉकीच्या सरावासाठी भाड्याच्या वीस जोड्या वेगळ्या होत्या, एकशे एक ते एकशे वीस. त्या फक्त शुक्रवारी निघत. काउंटरवर कोण कुठली नेतो याची नोंद नसे. बाकीच्या एकोणीस जोड्या परत येत त्या फरशीवर चालून पुढे बोथटलेल्या. एकशे चौदा मात्र दर शुक्रवारी चारही कडांना सारखी, एखाद्या मोजपट्टीने झिजवल्यासारखी यायची. अंकल ती मला दाखवायचे. "ह्याच्यावर कोण उभं राहतं रे? एकदा बघायचंय मला." पण मुलं बर्फावर असताना कॉम्प्रेसर सोडून जायचं नाही, हा त्यांचा नियम. दोन वर्षं ते विचारत राहिले, आणि ती मुलगी नावानिशी समोर आली तेव्हा त्यांनीच तिला खोडली.

ते उठले. "गेजवर लक्ष ठेव," मला म्हणाले. "मी बाहेर जातो."

मी लक्ष ठेवलं नाही. पाच मिनिटांत मीही बाहेर होतो. कॉम्प्रेसर तेवढ्यात पळून जाणार नव्हता.

मिस्टर ब्रायन कठड्याशी उभे होते. अंकलना उजेडात पाहून त्यांना पहिलं वाटलं ते असं, की प्लांट बंद पडला.

"प्लांट ठीक आहे," अंकल म्हणाले. "मी चुकलो. मुलगी दोन्ही बाजूंची आहे. मी वाचलं ते दुसऱ्याचं होतं."

"बेसिल, यादी लागली. मी ॲरनला त्याच्या आईसमोर सांगितलंय. आता त्याला काढू?"

"त्याला काढा असं मी म्हणत नाही. तिला दहा मिनिटं बघा, एवढंच."

सिराजनी घड्याळ पाहिलं. जुम्म्याच्या नमाजाला पाऊण तास होता. "यल्ला," ते पोरीला म्हणाले, "जा. पण रडायचं नाय आता."

आफरीन बर्फावर उतरली. मला त्या खेळातलं फार कळत नव्हतं, पण जे पाहिलं ते सांगतो. ती लांबून वेगात यायची आणि कठड्याच्या अलीकडे एकदम आडवी होऊन थांबायची, बर्फाचा फवारा आमच्या काचेवर. एकदा डावीकडे तोंड करून, एकदा उजवीकडे. मिस्टर ब्रायननी काळी रबरी चकती टाकली आणि एका मोठ्या मुलाला तिच्या उजवीकडून सोडलं. मुलगा पुढे निघून गेला. चकती तिच्याजवळच राहिली.

"अंकल," परत येऊन ती धापा टाकत म्हणाली, "मला दोन्ही साइड येतं. कोणी आस्कच नाही केलं."

 अंकलनी काचेवरचा बर्फ बोटाने पुसला.

मिस्टर ब्रायन थोडा वेळ डोकं खाजवत राहिले. मग म्हणाले, संघात तेरावी चालेल, बाकी दोघा कोचना मी सांगतो, पण हेल्मेट, पॅड, जर्सी माझ्याकडे नाही.

"ते मिळेल," सिराज म्हणाले. "इथं कोण ना कोण चाललेलंच असतं."

दोन आठवड्यांत बोर्डावरून हेल्मेट आणि पॅड मिळाले. जर्सी आफरीनच्या आईने, नूरबानूने, सहमला घरच्या मशीनवर शिवली. निळा रंग किंचित वेगळा आला होता. आफरीनला पाठीवर एकशे चौदा हवे होते. तीन आकडी नंबर बसत नाही, म्हणून चौदावर भागवलं. लुसीने अंकलशी महिनाभर अबोला धरला, पोराला उगाच टांगणीला लावलंत म्हणून. मग ॲरन आणि आफरीन एकाच फळीत, जोडीने खेळायला लागले आणि ईस्टरला वाईनची बाटली आली.

आफरीन तीन सीझन खेळली. अंकल त्या शुक्रवारनंतर दर आठवड्याला दहा मिनिटं बाहेर येऊन उभे राहू लागले. गेज मी बघायचो. वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला: जोडी नवी की जुनी, जुनी तर कोणाची.

दोन हजार सातला ते गासला परतले. मी दोन वर्षांनी सुट्टीत त्यांना भेटायला गेलो. अंगणात केळी होत्या आणि ओट्यावर तीच लांबट वही. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवली असेल. पण त्यांनी ती सरळ नव्व्याण्णवच्या पानावर उघडली. पान वरचेवर उघडून मऊ पडलं होतं.

"तू अजून तिकडेच आहेस ना? उत्तम सुतार निझवाला गेला असं कोणीतरी म्हणालं होतं. तिथल्या सूकच्या बाजाराजवळ फर्निचरचं दुकान आहे म्हणे. जाशील एकदा?"

"जाईन. काय सांगू?"

"सांगायचं काही नाही, विचारायचंय." त्यांनी नख त्या ओळीवर ओढलं, पात्यावर ओढत तसंच आडवं. दयानंद. भरपूर झीज, फक्त डावीकडे. त्यापुढे नव्या-जुन्याचा रकाना नव्हता. तेव्हा तो आखलेलाच नव्हता.

"सुताराचा पोरगा," ते म्हणाले. "एवढे चांगले स्केट त्याला नवे कोण घेऊन देणार? त्या वर्षी त्याच्या पायात कोणाचे होते रे?"