अक्काला पाठवलेला फळ्याचा फोटो

मंगळवारी सकाळी आमच्या लाइनवर एक प्रकार झाला... कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी चाकणला एका कंपनीत तपासणीच्या कामावर आहे. फर्स्ट शिफ्टला मशीन सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मीटिंग असते. कालचं प्रॉडक्शन, सेफ्टी आणि गेल्या महिन्यापासून... इंग्लिश!

हे खूळ आमच्या नव्या सरांचं. परदेशी पाहुणे आले की आम्ही सगळे माना खाली घालतो, ते त्यांना बघवत नाही. म्हणून रोज फळ्यावर एक शब्द येतो, तीन-चार जणांनी त्यावर आपापलं वाक्य करायचं. सरांना आवडेल ते वाक्य अख्ख्या लाइननं पाढ्यांसारखं तीनदा मोठ्यानं म्हणायचं. मग ते दिवसभर फळ्यावर राहतं आणि त्याचा फोटो लाइनच्या ग्रुपवर पडतो.

मंगळवारचा शब्द होता 'फॉर अ लाँग टाइम'. म्हणजे बरेच दिवस, बऱ्याच दिवसांपासून... सरांनी समजावलं.

संतोषभाऊ म्हणाले, कँटीनमध्ये नो भजी फॉर अ लाँग टाइम. सगळे हसले. सुनीता म्हणाली, माय हजबंड इज स्लीपिंग फॉर अ लाँग टाइम. तिच्या नवऱ्याची नाइट असते बिचाऱ्याची, पण हसून पुरेवाट झाली.

मी मात्र वाक्य तयार ठेवलं होतं. या कंपनीत मी बऱ्याच वर्षांपासून काम करते, असं सोपं आणि बिनधोक. नेमकं तेच माझ्या आधी उभ्या असलेल्या बाईनं म्हणून टाकलं... आणि सरांनी माझ्याकडे बोट केलं.

मी म्हणाले, आय नॉट टॉक माय सिस्टर फॉर अ लाँग टाइम.

कुठून आलं, देव जाणे. सर एकदम खूश झाले. वाक्य नीट करून त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि तीस जणांनी एका सुरात म्हटलं... आय हॅव नॉट टॉक्ड टू माय सिस्टर फॉर अ लाँग टाइम. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा मी नुसतेच ओठ हलवले.

आता सांगते. माझी थोरली बहीण, अक्का, धाराशिवकडे गावी असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न होतं आणि आमच्याकडे त्याच आठवड्यात ऑडिट. रजा मिळाली नाही. मी पोचले तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. अक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि चारचौघांत म्हणाली, "पाहुणीला पाणी द्या कुणीतरी."

पाहुणी! जिच्या कडेवर मी वाढले, तिनं मला पाहुणी म्हणावं... मी पाण्याला हात न लावता आल्या पावली परत फिरले. तेव्हापासून तिचा फोन नाही आणि माझाही नाही. दोघी एकाच आईच्या ना, हट्टाला कमी कशा असणार!

पण खरं सांगू... त्याआधी रोज शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये अक्काचा फोन यायचा. चाकणपासून मोशीपर्यंत ट्रॅफिकमध्ये तास जातो, तो कसा जायचा कळायचं नाही. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली... सगळं गाव माझ्या कानात. आता बस तीच आणि ट्रॅफिकही तेच, पण तो तास सरता सरत नाही. मोबाइल हातात धरून बसायची सवय तेवढी राहिलीये.

गेल्या महिन्यात तिच्या स्टेटसला एक बाळ दिसलं, तिच्या मांडीवर. माझी अक्का आजी झाली आणि मला ते स्टेटसवरून कळलं... नाव काय ठेवलं, तेही माहीत नाही.

मंगळवारी दिवसभर मान वर केली की समोर ते वाक्य. साडेतीनला बसमध्ये बसले, लॉकरमधून घेतलेला मोबाइल उघडला, तर ग्रुपवर फळ्याचा फोटो पडलेला. काय वाटलं कोण जाणे... तो तसाच अक्काला पाठवून दिला. खाली एक अक्षर लिहिलं नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. आणि वाटेत कुरुळी गावाच्या आसपास फोन वाजला.

"ह्ये काय पाठवलीस? मला कुठं इंग्लिश येतंय? वाचून दाव."

दोन वर्षांनी ऐकलेला आवाज. ना हाय, ना हॅलो. सकाळी तीस जणांसमोर जे म्हणून टाकलं होतं, ते मराठीत एका माणसाला सांगता येईना. इंद्रायणीचा पूल आला तरी माझं "अक्का, ते म्हणजे..." चाललेलं. शेवटी म्हणाले, "त्यात लिहिलंय, लय दिवस झाले... मी माझ्या बहिणीशी बोलले नाही."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"मग बोल की. मी कुठं फोन ठेवलाय!"

माझा स्टॉप कधी मागे गेला, कळलंच नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून कडेकडेनं चालत मागे आले, कानाला फोन लावून. बाळाचं नाव शिवन्या आहे. नाक आमच्या आईचं आलंय म्हणे... दिवाळीची रजा मी आत्ताच टाकून ठेवलीये, यंदा ऑडिट आलं तरी जाणार.

सर, तुम्ही हे वाचत असाल तर... तुमच्या इंग्लिशला मी खूळ म्हणाले, माफ करा. बुधवारी सकाळी तुम्ही फळा पुसून नवा शब्द लिहिलात, तेव्हा मी एकटीच हसत होते. बरं केलंत पुसलंत. ते वाक्य आता खरं राहिलं नव्हतं.