गोरखच्या चौकशीचा फोन

गोरख फुलसुंदर हा वारूळवाडीतला पहिला कॉम्प्युटरवाला. त्याच्या आधी एकदोघं नारायणगावच्या क्लासात जाऊन की-बोर्ड बडवून आले होते, नाही असं नाही, पण प्रोग्राम लिहून पगार घरी आणणारा हाच. नव्वदच्या सुमाराला डिप्लोमा केला आणि पुण्यातल्या एका कंपनीला चिकटला. साखर कारखान्यांची ऊसबिलं, दूध संघांचे हिशेब, नंतर अमेरिकेतल्या कुठल्या गोदामांचा माल, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. पुढं पुढं कंपनीनं चार पोरं त्याच्या गळ्यात घातली, ती पण त्यानं वळणावर आणली. कागदावर मात्र तो प्रोग्रामरच राहिला. मग अमेरिकेतलं काम आटलं, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि पस्तिशीला टेकलेला गोरख बायकोला, आरतीला घेऊन मळ्यातल्या घरी येऊन बसला.

गावात त्यानं सुट्टीवर आलोय म्हणून सांगितलं. द्राक्षं तोडून झाली, गाड्या भरून गेल्या, तरी सुट्टी काही संपेना, तेव्हा लोकांनी विचारायचं सोडलं. ते विचारत होते तेव्हा बरं होतं असं त्याला नंतर वाटायला लागलं.

अशात पेपरात जाहिरात आली. पुण्यातली मोठी कंपनी, प्रोजेक्ट मॅनेजरची जागा. गोरखनं अर्ज टाकला तो नोकरी म्हणून कमी आणि शेवटची संधी म्हणून जास्त. बाजारात रिकामी माणसं शेकड्यानं फिरत होती. ही जागा हुकली तर मग मळाच, हे त्यानं आरतीला सांगितलं नव्हतं आणि आरतीला ते ठाऊक होतं.

पहिल्यांदा गेला तो लेखी परीक्षेला. कॉलेजातून कालपरवा सुटलेल्या पोरांबरोबर बाकावर बसून आगगाड्या किती वाजता एकमेकींना भेटतील ते त्यानं काढून दिलं. दुसऱ्या खेपेला तांत्रिक मुलाखत झाली. तिसऱ्या खेपेला तीच पुन्हा झाली, कारण आधीची ज्यांनी घेतली ते साहेब मधल्या मध्ये नोकरी सोडून गेले होते आणि त्यांचा शेरा कुणाला सापडत नव्हता. मग एक गटचर्चा. तिच्यात दहा माणसं एकदम बोलत होती, आणि दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नसतं अशा घरात वाढलेल्या गोरखच्या वाट्याला दोन वाक्यं आली. मग एक मनाची परीक्षा, तिच्यात तुम्ही झाड असता तर कुठलं झाड असता असा प्रश्न होता. त्यानं बाभूळ लिहिलं आणि येताना एसटीत आंबा लिहायला पाहिजे होता का याचा विचार करत राहिला. दर वेळी निघताना तिथल्या मॅडम गोड हसून म्हणायच्या, "आम्ही कळवतो."

त्याचे वडील रखमाजी ओट्यावर बसून हे येणं-जाणं बघत होते. एकदा गोरख बूट काढत असताना ते म्हणाले, "बैल घ्याचा म्हनलं तरी मानूस दात बगतो, चार पावलं चालवून बगतो आन् इसार देतो. ह्ये कंपनीवालं काय बगत्यात रं तुजं येवढं?"

गोरखनं बूट कोपऱ्यात सारले. त्यालाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला ते कळत नव्हतं.

मळ्यात फोनची तार अजून आली नव्हती. जुना मोबाईल कंपनीचा होता, तो कंपनीबरोबर गेला. म्हणून अर्जावर नंबर होता तो नारायणगावच्या पेठेतल्या घेवरचंदकाकांच्या दुकानाचा. काकांचं किराणा-भुसाराचं दुकान. आजोबा राजस्थानातून आलेले, पण काका इथलेच, मराठी बोलायचे ते रखमाजींच्याच वळणाचं. फुलसुंदरांचा बाजार तीन पिढ्या त्यांच्याकडंच. निरोप आला की काका वारूळवाडीच्या कुणाही गिऱ्हाइकाबरोबर तो मळ्यात धाडायचे. अमेरिकेतल्या साहेबानं फोनवर मुलाखत घेतली तीसुद्धा तिथंच, सरकी पेंडीच्या पोत्यावर बसून. काकांनी तेवढा वेळ गिऱ्हाइकांना ओठांवर बोट ठेवून पायरीवर थोपवून धरलं होतं.

ती मुलाखत झाली आणि मॅडम म्हणाल्या, आता फक्त चौकशी. तीन नावं द्या. दोन जुन्या साहेबांची, आणि एक तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा, नात्यात नसलेला माणूस. गोरखनं बेधडक काकांचं नाव लिहिलं.

आठवड्याभरानं तो दुकानात गेला, तर काकांनी त्याला गादीवर बसवून घेतलं. चहा मागवला.

"आला व्हता फोन," ते म्हणाले. "बाई लई खोदून विचारत व्हती. मी बी काय कमी सांगितलं न्हाई."

"काय सांगितलं काका?"

"जे सांगायचं असतंय तेच. पोराला सुपारीचं बी व्यसन न्हाई. घरानं नाकासमोर चालनारं. बापाला येकुलता येक, द्राक्षाची बाग, हिरीला उनाळ्यात बी पानी. नोकरीवर काय अडून न्हाई त्याचं, हौस म्हनून करतोय. आन् आईबापाला टाकून लांब कुटं जायाचा न्हाई, ह्याची ग्वाही मी देतो म्हनलं."

गोरखनं चहाची बशी खाली ठेवली. उभ्या पेठेत चौकशीला फोन यायचा तो सोयरिकीचाच. आणि सोयरिकीच्या चौकशीत यापेक्षा चांगला शब्द कुणी कुणासाठी टाकला नसता. काकांच्या तोंडावर समाधान होतं.

"चांगलं सांगितलंत," गोरख म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं दुकानातूनच मॅडमना फोन लावला. काका आत गोदामात होते.

"ते फार आपुलकीनं बोलले तुमच्याबद्दल," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांच्या मते तुम्हाला नोकरीची तशी गरज नाहीये."

"मॅडम, आमच्याकडं तसं सांगायची पद्धत असते. माणूस चांगला आहे असा त्याचा अर्थ."

"म्हणजे बाग नाहीये?"

"आहे."

"एकुलते एक आहात ना?"

"हो."

"वडील थकल्यावर बाग कोण बघणार?"

एखादं खोटं ओठांवर आलं होतं. पण सकाळीच रखमाजी छाटणीला उभे होते आणि दोन ओळींमागं एकदा खाली बसत होते, ते त्यानं पाहिलं होतं.

"अजून ठरवलं नाही," तो म्हणाला.

 मग मॅडमनी सांगितलं, तुमचं नाव आम्ही होल्डवर ठेवतो, आणि हेच पद पुन्हा निघालं तर सुरुवातीपासून यावं लागेल. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्याही दमलेल्या वाटल्या.

काका कपड्यावरचं पीठ झटकत बाहेर आले. "जमलं का?"

"स्थळ मोडलं."

"मोडू दे. येवढ्या चौकश्या करनाऱ्यांचं मन चांगलं नसतंय."

गोरख हसला, आणि मग हळूच म्हणाला, "काका, परत असा फोन आला तर बागेचं काढू नका. नोकरीशिवाय त्याचं भागत नाही, असं सांगा."

काकांनी चष्मा काढला. "आसं मी सांगू? रखमाजीच्या पोराचं भागत न्हाई म्हनून? त्याच्या कानावं गेलं तर ह्या पायरीवं पाय तरी ठेवील का तो?"

नसता ठेवला. गोरखला ते ठाऊक होतं.

"आन् मला येक सांग," काका म्हणाले, "तू धा-बारा वर्सं काम केलंस, ते बगून त्यांला कळंना, मग माज्यासारख्या पेंड इकनाऱ्याला विचारून काय कळनार हाय?"

 पाच खेपांत हा एकच प्रश्न गोरखला कामाचा वाटला, आणि तो विचारायला कंपनीत कुणी नव्हतं.

फोन वाजला. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवून त्याच्याकडं बघितलं. "त्यांचाच आसला तर? काय सांगू?"

"खरं असंल ते सांगा."

फोन गुळाच्या व्यापाऱ्याचा निघाला. भावावरून लांबलचक घासाघीस चालली. गोरख तोवर थांबला. खिशात दुसऱ्या एका कंपनीचा अर्ज होता, त्यात पुन्हा काकांचं नाव घालायचं होतं, आणि विचारल्याशिवाय घालणं बरं दिसलं नसतं.