रुमालाखालचा हात

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. पण मुरुमच्या त्या सभ्य गृहस्थाइतका राग मला कुणाचाच आला नाही.

निजामी अमलातली गोष्ट. फौजदाराला तेव्हा अमीन म्हणत आणि मी मुरुमला अमीन होतो. हा गृहस्थ महसुलातून निवृत्त झालेला. गाव त्याला मामा म्हणे. सकाळी त्याच्या ओसरीवर माणसं बसलेली असत. कुणाला जमीन घ्यायची, कुणाला दागिना मोडायचा, कुणाला मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवायची. मामा सल्ला देई आणि मोबदला म्हणून चहासुद्धा घेत नसे. या एका गोष्टीपायी गाव त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी.

खबर आणली बाजारातल्या मणेरानं. त्याचं बांगड्यांचं दुकान सराफाच्या पेढीसमोरच होतं. तो म्हणाला, "अमीनसाब, त्या पिंजाऱ्याच्या बेवेच्या पाटल्या मामानं विकून दिल्या. बाईला घरी धाडलं, अन् दुपारी एकलाच परत पेढीवर गेला. येताना बंडीचा खिसा लोंबत व्हता. मला तं हे बरं दिसंना."

मी त्या विधवेला बोलावलं. नवरा गेल्यावर ती स्वतः कापूस पिंजून गाद्या भरत होती. दोन लहान मुली. राहतं घर भाड्याचं, त्याच्याच अंगणात धंदा. घरमालक सोलापूरला निघाला होता. पाचशे दे, घर तुझं. नाहीतर येत्या बाजारी दुसऱ्याला देतो, असं त्यानं सांगितलेलं. म्हणून तिनं पाटल्या काढल्या.

"कितीला गेल्या?" मी विचारलं.

"चारशेला, साब. मामानं लई झगडून घेतले. शंभर कमी पडायलेत. कुणी उसने देईना."

"तुम्ही स्वतः भाव केला नाही?"

"म्या कसा करू? रुमालाखाली परक्या माणसाच्या हातात हात देऊ का?"

आमच्या भागात बैल असो, तूर असो की सोनं, मोठा सौदा रुमालाखाली होई. दोघांनी हात झाकायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. बाईमाणसाला तिथं हात घालता येत नसे. तिच्या वतीनं विश्वासाचा माणूस हात घाली, आणि तो जे सांगेल तेच खरं.

मामाला ठाण्यात आणलं. तो ऐटीत खुर्चीवर बसला. "अमीनसाहेब, मी कुणाकडून एक पै घेतल्याचं दाखवा. बाईची काही तक्रार आहे का?" तक्रार नव्हती. उलट ती बाहेर बसून मामांना त्रास देऊ नका म्हणून जवानांना विनवत होती. हे ऐकून माझा संताप आणखी वाढला.

सराफाला मी वेगळ्या खोलीत बसवलं होतं. तोंडानं तो चारशेच म्हणत राहिला. दरडावून पाहिलं, उपयोग झाला नाही. माझे वडील बैलांचे व्यापारी होते. त्यांच्यासोबत बाजार करून मला एक गोष्ट माहीत होती. व्यापारी तोंडानं दिवसभर खोटं बोलेल, पण रुमालाखाली बोलणार नाही. तिथं खोटा ठरला तर बाजारात त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

मी टेबलावर हात ठेवला आणि वर माझा रुमाल टाकला. म्हणालो, "शेठ, मामाला काय भाव दिला? बोलू नका. हात द्या."

त्यानं खोलीचं दार बंद आहे ना ते पाहिलं. मग त्यानं हात आत घातला. आधी माझी पाचही बोटं दाबली, मग सोडून एक दाबलं. सहाशे! बाईसमोर चारशे मोजले होते, वरचे दोनशे दुपारी मामाला. पंचांसमोर त्यानं ते तोंडानंही कबूल केलं.

मामाला विचारलं तर म्हणाला, "ती माझी दलाली."

"कुणाची दलाली? तुम्ही दलाल कुणाचे?"

"दोघांचाही," तो शांतपणे म्हणाला. त्या उत्तराची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पंचांदेखत त्याच्याकडून दोनशे वसूल केले आणि खयानतीचा, म्हणजे विश्वासघाताचा, गुन्हा नोंदवला. बाजाराच्या आधी घर बाईचं झालं. मामा थोडा दंड भरून सुटला, आणि महिन्याभरात त्याची ओसरी पुन्हा भरली! मी एका म्हाताऱ्याला झापलं तर तो म्हणतो, "पण साहेब, मामा फुकट सांगतेत की." फुकट सांगणाऱ्याचं पोट कोण भरतं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती.

एकीला वाटली. घर घेऊन बाईजवळ शंभर उरले होते. ती आभार मानायला ठाण्यात आली तेव्हा मी म्हणालो, "उरलेले पोस्टात ठेवा."

ती थबकली. "साब, राग मानू नका. त्यात तुमचं काय?"

जवान तिच्या अंगावर धावला. मी त्याला थांबवलं आणि म्हणालो, "माझं काही नाही, बाई."

"मामाबी असंच म्हणायचे," ती म्हणाली. "मणेरभाईला इचारते, पोस्टातबी जाऊन इचारते. मग ठरवते."

वर्दीतल्या माणसाला हे झोंबायला हवं होतं. पण त्या सगळ्या प्रकरणात मला बरं वाटलं ते तेव्हाच. मी उठून तिच्यासाठी दार उघडलं.