हौदातल्या माशांचा रंग

लाल म्हणजे नुसता लाल, हे आमच्या नायनांना कधी पटलंच नाही. वडिलांना आम्ही तेलुगूतलं नायना म्हणायचो. टॉवेल लांबून दाखवला तरी ते सांगत, "हे कालच्या घाण्यातलं हाय. आजचं जरा भाजून काळपट आलंय की." सोलापुरात सूत रंगवणारे मास्तर पुष्कळ, पण असा डोळा दुसऱ्याला नव्हता.

कारखान्याच्या आवारातच आमची खोली होती. काम सुटलं की खोलीही सुटणार, हे ठरलेलं. अंगणात बोअरच्या पाण्याचा हौद होता, आम्ही तेच प्यायचो. डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडलेले. नर निळ्या-नारिंगी शेपटीचे, माद्या साध्या राखाडी. नायना जेवून काठावर बसत. म्हणत, "देवानं रंगवलंय. कितीबी धुवा, उतरत न्हाई."

माझ्या लग्नानंतर त्या नरांचा रंग उतरू लागला. पिल्लंही होईनात. पाणी तपासायला आलेल्या कॉलेजच्या बाईंना नायनांनी गाठलं. बाई म्हणाल्या, रंगखान्यातली काही रसायनं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, माशांचे नर माद्यांसारखे होऊ शकतात. माणसाचं नक्की सांगता येत नाही, पण पोटातल्या बाळाला जपावं. नायनांनी मालकाकडे नळ मागितला. "पटत नसेल तर खोली सोडा," मालक म्हणाला.

तेव्हाच मला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मी वळसंगला सासरी पिशवी भरून बसले, तर नायनांचा फोन.

"तू येऊ नको."

"का?"

"जागा न्हाई हितं."

खरं कारण कळलं असतं तर मी मालकाच्या दारात जाऊन भांडले असते आणि खोली गेली असती, हे ते ओळखून होते. मी मात्र वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाही. मुलगी झाली तेव्हा ते आले, तीनदा साबणाने हात धुतले, तरी नखांत निळाई राहिलीच. मी बाळ पुढे केलं, ते मागे सरकले. "लांबूनच बघतो की." मला फार लागलं ते.

नायना गेल्यावर अम्माने सगळं सांगितलं. मी ढसाढसा रडले. आता रंगखान्यात भाऊ आहे, म्हणून अम्माही त्याच खोलीत.

परवा लेकीला घेऊन गेले होते. तिला तहान लागली. अम्मा लगबगीने हौदातून तांब्या भरून घेऊन आली. तोवर मी पिशवीतली घरची बाटली काढली होती.  अम्मा भरलेला तांब्या हातात धरून नुसती उभी राहिली.