पुलावरची पाटी

आमचा मामा पेंटर. कॉलेजच्या गावात पाट्यांना तोटा नाही. वसतिगृह, प्रयोगशाळा, झेरॉक्सचं दुकान, 'येथे सायकली लावू नयेत'. त्या शेवटच्या पाटीखाली कायम सायकली असतात. मामा म्हणतो, "अक्षर बघायला थांबत असतील."

पण त्याचा खरा जीव जुन्या वास्तूंच्या पाट्यांत. वेधशाळा, घड्याळाचा मनोरा, पहिला छापखाना, दगडी पूल. माहिती गोळा करणारा तोच, रंगवणाराही तोच. शिक्षण सातवी. दर रविवारी सकाळी तो नव्या विद्यार्थ्यांना गाव दाखवत फिरतो आणि भलेभले प्राध्यापक मागून गुपचूप ऐकत चालतात. मला त्याचा फार अभिमान आहे, आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी पुलापाशी एका मुलीने विचारलं, "काका, पहिल्या प्राचार्यांनी हा पूल बांधून घेतला, हे कशावरून?"

"पुस्तकात आहे की." इतिहासाच्या सरांनी गावावर लिहिलेलं पुस्तक मामाच्या पिशवीत असतंच. मुलीने पान काढलं. तळाशी बारीक अक्षरांत आधार दिला होता: पुलावरची पाटी.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तीस वर्षं मामा पुस्तकाचा हवाला देत होता आणि पुस्तक मामाचा. मुळात ती ओळ त्याला त्याच्या उस्तादाने सांगितली होती, आणि याने रंगवली होती.

मग गडी आठवडाभर ग्रंथालयात ठाण मांडून बसला. जुन्या कागदांत प्राचार्य गावात रुजू झाल्याची तारीख सापडली. पुलाच्या कमानीवर कोरलेलं साल, जे तो दर रविवारी हौसेने वाचून दाखवायचा, त्या तारखेच्या तीन वर्षं आधीचं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यात कॉलेजची शताब्दी पंधरा दिवसांवर आणि पुलाला प्राचार्यांचं नाव द्यायचं ठरलेलं. सर म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. मामी म्हणाली, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या लोक म्हणतील, यांनी सगळंच मनाचं लिहिलंय. मग रविवारी कोण येणार तुमच्याबरोबर?"

मीही मामीच्याच बाजूने होते. ते फिरणं थांबलं तर हा माणूस खचेल, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"मलाही तीच भीती आहे," मामा म्हणाला, आणि शिडी घेऊन निघाला.

भर दुपारी, कॉलेज सुटायच्या वेळी, सगळ्यांच्या देखत त्याने पाटी पुसली आणि नवी लिहिली: 'हा पूल कोणी बांधला, माहीत नाही. आधी इथे प्राचार्यांचं नाव होतं, ती माझी चूक. पेंटर.' कॉलेजने निमूटपणे नाव सभागृहाला दिलं. सर महिनाभर मामाशी बोलले नाहीत.

त्या रविवारी मी धास्तावूनच सोबत गेले. एरवी चाळीसजण असतात. त्या दिवशी सहा होते, त्यात ती मुलगी. मनोऱ्यापाशी मामाने सुरुवात केली आणि एकाने मध्येच तोडलं, "काका, हे तरी खरं ना?"

माझा संताप झाला. मामा मात्र शांतपणे आपलीच पाटी पहिल्यापासून वाचू लागला.

"पहिल्या दोन ओळी मी कागदांत पाहिल्यात. तिसरी नुसती ऐकलेली आहे. ती तुम्ही शोधा, चुकली असेल तर मी पुसतो."

मुलीने वही काढली, मग बाकीच्यांनीही. प्रत्येक पाटीपाशी हेच चाललं. एरवी दीड तासात होणाऱ्या फेरीला त्या दिवशी चार तास लागले आणि एकही जण मधून घरी गेला नाही.