भडगावचा कापूस इंग्रजीत

मंडळी, आज छाती फुगलीय, म्हणून लगेच लिहितोय.

सकाळी जळगावचे साहेब आमच्या भडगावच्या शाळेची तपासणी करायला आले. म्हणाले, "इथून तिथं जाणं इंग्रजीत सांगा." पोरांनी मी घोकून घेतलेलं वाक्य म्हटलं: लंडनहून पॅरिसला.

मग कापसाच्या गाड्या हाकणाऱ्या आबांची सुशीला उठली. "कॉटन गोज फ्रॉम भडगाव टू बॉम्बे."

"हे पुस्तकात कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तकमा नही शे, सर. मना आबानी गाडीमा शे," ती आमच्या अहिराणीत म्हणाली.

साहेब हसले आणि स्वतःच्या सुती कोटाची बाही चाचपू लागले.

इंग्रज जाऊन आठ वर्षं झाली, तरी मी पोरांना लंडनहूनच पॅरिसला धाडत होतो. मास्तरांनो, तुमच्या वर्गातलं इंग्रजी कुठल्या गावाहून निघतं?