मेलेल्या मोबाईलमधलं सोनं

बंद पडलेला मोबाईल हातात आला की आबा तो तळहातावर हलकेच झुलवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "यामा सोनं शे, पोरी."

जळगावच्या सराफ बाजारामागे आमची नि त्यांची भिंत एकच. असा एखादा हट्टी शेजारी तुमच्याही वाट्याला आला असेल. आबांचा जन्म धूळ धुण्यात गेला. पहाटे सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून आणायची, परातीत धुवायची, तिच्यातले सोन्याचे कण काढायचे. पुढे दुकानांत काचा आल्या, धूळ ओढणारी यंत्रं आली. रस्त्यावर उरली नुसती माती. त्याच सुमारास कोणीतरी सांगितलं, मोबाईलच्या बोर्डात सोनं असतं. झालं! दुरुस्तीच्या दुकानांतले मेलेले मोबाईल आबा पोत्याने आणू लागले.

एका सकाळी आमच्या मोरीत तांबूस धूर शिरला. भिंतीवरून वाकून पाहिलं, तर प्लॅस्टिकच्या टबात तेजाब, त्यात फोडलेले बोर्ड, आणि उकिडवे बसून काडीने ढवळणारे आबा.

"आबा, उठा तिथून! हा धूर छातीत बसतो."

"सोनार बठ्ठा तेजाबच वापरतस. कोनी मरना का?"

"सोनार चिमूटभर सोनं उकळतो. तुम्ही पोतंभर मोबाईल शिजवताय. मी रसायनशास्त्र शिकलेय, आबा."

"मंग आते भाजी शिजाडानं शिक."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घरी माझ्या शब्दाला वजन आहे. भिंतीपलीकडे नव्हतं.

त्या दिवसापासून जाग आली की मी आधी हवा हुंगायचे. धूर नसला की बरं वाटायचं. मग आबांचा खोकला सुरू व्हायचा. तो लांबला की माझी पोळी तव्यावर करपायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. आबांच्या बायकोने, अक्कांनी, भिंतीवर थाळी बडवली. मी धावत गेले. आबा टबाशेजारी आडवे, ओठ निळे. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. नाकाला नळी, तरी विचारत होते, "टब झाकना का?" डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा हा धूर घेतला तर माणूस हाती लागणार नाही.

घरी आल्यावर मी त्यांना दुसरं काम लावून दिलं. मोबाईल फोडायचा नाही, खोलायचा. धड असलेली स्क्रीन, स्पीकर दुरुस्तीवाल्याला द्यायचे. बोर्ड अख्खेच ठेवायचे, ते न्यायला बोर्डातलं सोनं काढणाऱ्या परवानावाल्या कारखान्याची गाडी यायची. आबा रमलेही. तीन मोबाईलचा एक करून त्यांनी अक्कांच्या हातात दिला. "तीन मढास्ना एक जित्ता कया!" अक्का तो बरेच दिवस पदराने धरायच्या.

पण गाडी आली की बोर्डांच्या पोत्यावरची आबांची बोटं सुटायची नाहीत. "सोनं चालनं," म्हणत ते पोत्यावरून हात फिरवायचे, लेक सासरी निघाल्यासारखा. ती बोटं बघितली की दुसऱ्या सकाळी मी पुन्हा हवा हुंगायचे.

उन्हाळ्यात त्यांची लेक दोघांना भडगावला आपल्याकडे घेऊन गेली. पलीकडे आता कुलूप आहे. खोकला ऐकू येत नाही, म्हणून धास्ती कमी व्हायला हवी. उलट वाढली.

परवा लेकीचा फोन आला. "ताई, आबा इथल्याही मोबाईलवाल्यांकडे जातात. पिशवी भरून आणतात. इकडे तर ती गाडी येत नाही. मग बोर्ड जातात कुठे?"

"आधी परसात बघ. टब आहे का?"

ती फोन चालू ठेवूनच गेली. कडी वाजली. मग लांबून आबांचा आवाज आला, अगदी साळसूद.

"टब? त्यामा कपडा भिजाडेल शेतस."

इतक्या वर्षांच्या शेजारात आबांनी स्वतःची टोपीसुद्धा कधी धुतलेली मी पाहिली नव्हती.

"बाई, बोलत बसू नकोस," मी फोनमध्ये ओरडले, "आधी त्यांना तिथून उठव!"